भारीतला आणि हलक्यातला

मित्रांनो, माझ्या पोटात एक आख्खं विमान होतं, तरीही सलग अकरा वर्षं मी दुकानाच्या फळीवरून तसूभर हललो नाही. मी प्लास्टिकच्या विमानाचा जुना संच. सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे, की पंखा असलेलं एक जुन्या जमान्यातलं लढाऊ विमान तयार होतं. आता मी तयार आहे. थोडा वाकडा आहे, पण तयार आहे. मी असा का आणि कुणामुळे झालो, ते तुम्हाला सांगतो. सांगताना माझ्या स्वभावातली एक वाईट खोडही सांगावी लागेल. ती लपवली तर गोष्टच उरणार नाही.

माझा साचा फार जुना. माझ्याआधी त्यातून हजारो संच निघून गेले होते. साचा झिजला, की त्याचे दोन भाग घट्ट मिटत नाहीत आणि फटीतून प्लास्टिक बाहेर येतं. माझ्या प्रत्येक भागाच्या कडेला असा पातळ पापुद्रा होता. नाक खऱ्या विमानापेक्षा जाड होतं. पंखांवरच्या रेघा कोरलेल्या नव्हत्या, उठावदार होत्या, शिवणीवर दोरा ठेवावा तशा. पण हे दोष आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक झालं ते तो शेजारी आल्यावर.

तो म्हणजे भारीतला. दुकानात त्याला सगळे तसंच म्हणायचे, आणि मला हलक्यातला. विमान तेच, मापही तेच. दोघंही खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढे. पण त्याच्या एकट्याच्या किमतीत माझ्यासारखे नऊ आले असते. त्याचं खोकं जाडजूड, त्यावरच्या चित्रातलं आभाळसुद्धा जास्त निळं. दुकानदार रोज सकाळी त्याच्यावरून फडकं फिरवायचा आणि उरलीसुरली धूळ माझ्यावर झटकायचा.

गिऱ्हाईक आलं, की आधी मला उचलायचं, दर बघून खूश व्हायचं. मग नजर शेजारी जायची आणि मी परत फळीवर. असं किती वेळा झालं, ते मोजायचं मी सोडून दिलं.

एकदा कुणीतरी विचारलंच, "एवढा फरक कशाचा हो? प्लास्टिक तर दोन्हीकडे मूठभरच."

दुकानदार सरळ माणूस. म्हणाला, "प्लास्टिकचे पैसे नसतात, साच्याचे असतात. त्याचा साचा नवा आहे, खरं विमान मोजून कोरलाय. भाग नुसते टेकवले तरी बसतात. ह्याचा साचा म्हातारा झालाय. पण नुसत्या दरावर जाऊ नका. ते कोपऱ्यातलं चकचकीत खोकं बघा. दर दुप्पट, आणि आत हाच म्हाताऱ्या साच्याचा माल. नुसतं वेष्टन नवं."

ते चकचकीत खोकं म्हणजे माझा सख्खा भाऊ! एकाच साच्यातून निघालेलो आम्ही. तो आठवड्याभरात दुप्पट दराने विकला गेला आणि मी तिथेच. त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी भावाचा राग मला दोन दिवसच आला. भारीतल्याचा हेवा मात्र मुरत गेला. त्याच्या खोक्यावर उन्हाची तिरीप पडली तरी मला खुपायची.

मग एका दुपारी एक बाई आल्या. दमलेल्या होत्या, पर्स खांद्यावरून सारखी घसरत होती. म्हणाल्या, "माझ्या आईसाठी काहीतरी हवंय. तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेलाय. म्हणजे आहे, पण ऐकत नाही. एकतीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली तिने. आता व्यायामाला रबरी चेंडू दिला, तर तो तिने खिडकीबाहेर फेकला. म्हणाली, मी काय तान्हं बाळ आहे? बारीक काम असेल असं काहीतरी द्या."

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला आणि भारीतल्याला खाली काढलं. मला वाटलं, झालं. पण त्याने मलाही काढलं.

"ताई, दोन्ही न्या. आधी हे हलक्यातलं करू दे त्यांना. बिघडलं तरी हळहळ नाही. हात बसला, की मग हे."

बिघडलं तरी हळहळ नाही! मित्रांनो, अकरा वर्षांनी मी फळीवरून उतरलो, आणि उतरलो तो ह्या वाक्यावर. मी विमान होणार नव्हतो, मी सराव होणार होतो. तोही त्याच्यासाठी.

घरात गेल्यावर भारीतला कपाटावर चढला. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर धुतलेली उशीची खोळ घातली. मी टेबलावर आलो आणि लेकीने माझं खोकं टराटरा फाडलं.

आईला गल्लीत सगळे घड्याळवाल्या मावशी म्हणत. मी पण तेच म्हणतो. मावशींची बोटं लांब आणि निमुळती होती. पण उजवी बोटं पेन्सिलींच्या जुडीसारखी एकत्र हलायची, आणि हलली की थरथरायची. पहिल्या दिवशी त्यांना, सगळे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात, तिच्यातून माझा एक भाग सोडवायला पाव तास लागला. तोही सुटला तो उडून पलंगाखाली गेला.

"राहू दे, आई," लेक म्हणाली.

"राहू दे काय? शोध."

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पंखाचे दोन अर्धे एकमेकांवर ठेवले. ते काही बसेनात. मध्ये नख जाईल एवढी फट. मावशींनी डोळ्याला भिंग लावून फट न्याहाळली. मी शरमेने मरायला टेकलो होतो.

"अगं, हे बघ तरी," त्या लेकीला म्हणाल्या. "माझा हात आत्ता थरथरतोय. हा साचा करणाऱ्याचा तेव्हाच थरथरत होता वाटतं!"

आणि त्या हसल्या. लेक स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आजारपणानंतरचं ते पहिलं हसू होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. पण मला त्यातलं काही गोड लागलं नाही. हसणं माझ्यावर होतं ना!

मग सुरू झालं घासणं. फटीत पुट्टी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायचं. पुन्हा फट दिसायची, पुन्हा भरायची. माझ्या एकेका भागाचे पापुद्रे कानशीने काढायचे. दर गुरुवारी व्यायामाच्या डॉक्टरीणबाई यायच्या. त्या माझ्यावर बेहद्द खूश होत्या.

"मावशी, कुठून आणलंत हो हे? ह्याचं काही म्हणता काही बसत नाही. छान आहे! जितकं घासाल, तितकी बोटं सुटी होतील."

कौतुक तर होतं, पण काय ते कौतुक! मावशीही घासता घासता मान वर करून कपाटाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "थांब हं, तुझीही पाळी येईल." हात माझ्या अंगावर आणि बोलणं त्याच्याशी. मी आतल्या आत जळत होतो. वाटायचं, ती उशीची खोळ त्याला गुदमरवून टाकेल तर किती बरं!

चौथ्या महिन्यात एक वाईट दिवस आला. माझं चाक बसवताना मावशींच्या बोटांतून चिमटा चौथ्यांदा सुटला. त्यांनी डाव्या हाताने मला जोरात भिरकावलं. मी दारावर आपटलो आणि एका चाकाचा पाय मोडला. लेकीने मला उचललं.

"फेकून देऊ का? दुसरं आणू."

मावशी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मग त्यांनी मागे न बघताच हात पुढे केला. उजवा.

"दे इकडे. मोडलंय मी, जोडायचंही मीच."

त्या हाताने मला धरलं. सैल धरलं, पण धरलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी कपाटावर कोण आहे ते विसरलो. तासभरच विसरलो, पण विसरलो.

सातव्या महिन्यात मी पूर्ण झालो. रंग दोन ठिकाणी ओघळला होता, मोडून जोडलेलं चाक आत वळलं होतं. लेकीने टाळ्या वाजवल्या. मावशींनी मला खिडकीत ठेवलं आणि त्याच बैठकीत म्हणाल्या, "आता तो काढ खाली."

खोळ निघाली. भारीतल्याचं खोकं उघडलं. मला बघायचं नव्हतं, पण खिडकीतून दुसरीकडे बघायला मला मान कुठे आहे? खोटं कशाला बोलू, तो सुंदर होता. रेघा केसासारख्या बारीक. पंखाचे दोन अर्धे एकमेकांवर टेकवले आणि चट्कन मिटले, जणू कधी वेगळे नव्हतेच. दुकानदार खरं बोलला होता. दर त्याला शोभत होता. हेवा करावा अशीच वस्तू होती ती, आणि म्हणूनच मला जास्त त्रास झाला.

आणि तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "अगं बाई! ही काच तडकलीये."

वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण उभं चिरलेलं होतं. मित्रांनो, मी हरखलो. आनंदाच्या उकळ्या फुटल्या मला. नऊपट दराचा माल, आणि ऐन तोंडावर चीर!

माझा आनंद दोन मिनिटं टिकला. लेक म्हणाली, "आई, ह्या जुन्याचं झाकण काढून लावलं तर? विमान तर तेच आहे."

मावशींनी मला उचललं. पातं घातलं आणि माझं झाकण सोडवलं. माझ्याच अंगावर शिकलेल्या हाताने, माझ्याच डोक्यावरचं, त्याच्यासाठी! त्यांनी ते भारीतल्यावर ठेवून पाहिलं. बसलं नाही. दोन्हीकडून बाहेर आलं, धाकट्याला थोरल्याची टोपी घातल्यासारखं. माझं मापच चुकीचं होतं. लुटायलासुद्धा मी लायक निघालो नाही. झाकण परत माझ्यावर चिकटवलं गेलं. गोंदाचा एक पांढरा डाग तेवढा काचेवर राहून गेला.

"दुकानात विचारू या," लेक म्हणाली. "सुटं मागवता येईल."

"थांब," मावशी म्हणाल्या.

त्यांनी लाकडाचा एक ठोकळा घेतला आणि उजव्या हातात चाकू धरला. दोन दिवस त्या तो ठोकळा झाकणाच्या आकाराचा तासत होत्या. मग खेळण्याच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक मेणबत्तीवर मऊ केलं आणि त्या ठोकळ्यावर खाली ओढलं. पहिलं जळलं. दुसरं सुरकुतलं. तिसरं काचेसारखं स्वच्छ उतरलं. त्यांनी ते कात्रीने कातरलं आणि चिमट्यात धरून भारीतल्यावर आणलं. लेक दारात उभी होती. मी खिडकीत. चिमट्याचं टोक हलत नव्हतं. अजिबात हलत नव्हतं.

लेकीने पदराने डोळे पुसले. आणि मी? खरं सांगतो, तेव्हा मला आयुष्यातला सगळ्यात मोठा हेवा वाटला. तो हात माझ्यावर तयार झाला होता. त्याची थरथर मी सोसली होती. आणि स्थिर झाला तेव्हा तो गेला दुसऱ्याकडे.

दोन महिन्यांनी मावशींनी घड्याळांचं दुकान पुन्हा उघडलं. भारीतला तिथे काचेच्या पेटीत बसला. गिऱ्हाइकं म्हणायची, "वा! हे तुम्ही केलंत?" मला लेकीने फ्रिजवर ठेवलं, औषधांच्या रिकाम्या डब्याशेजारी. तिथे मी वर्षभर धूळ खाल्ली. कुणी दुष्टपणा केला नाही माझ्याशी. नुसते विसरले.

मग एकदा डॉक्टरीणबाई सहज भेटायला आल्या. पाणी प्यायला फ्रिजपाशी गेल्या आणि मला बघून थांबल्या.

"मावशी, हे मला द्याल? माझ्या व्यायामाच्या खोलीत ठेवते."

"अहो, हे कशाला? दुकानातलं छान आहे, ते न्या."

"ते नको. हेच हवंय."

म्हणून आता मी ह्या खोलीत आहे. इथे टेबलावर कपड्यांचे चिमटे आहेत, मणी आहेत, रबरी चेंडू आहेत. मला कुणीही उचलतं. मागच्या महिन्यात एक शिंपीकाका आले. त्यांचाही उजवा हात गेला होता. आठ दिवस ते नुसते येऊन बसत होते. कशालाही हात लावत नव्हते. "आता काय व्हायचंय ह्या वयात," एवढंच म्हणायचे.

डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "काका, हे एका मावशींनी केलंय. तुमच्यासारखाच हात होता."

काकांनी मला डाव्या हाताने फिरवून पाहिलं. पंखाची फट पाहिली, ओघळलेला रंग पाहिला, वाकडं चाक पाहिलं. नाक मुरडलं.

"असलं तर काय, मीसुद्धा करीन," ते म्हणाले.

मित्रांनो, भारीतला आजही माझ्यापेक्षा देखणा आहे, आणि त्याची आठवण आली की आजही माझ्या पोटात दुखतं. ही खोड जाणार नाही. पण त्याच्याकडे बघून असं कुणी म्हणालं असेल, असं मला वाटत नाही. म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या हातून झालेली पहिली वेडीवाकडी वस्तू अशी फेकून देऊ नका. तिची धूळ झटका आणि कुणाच्या तरी नजरेला पडेल अशा जागी ठेवा.

त्या दिवशी एवढं बोलून काकांनी मला बाजूला सारलं, बाही वर केली आणि कपड्याचा एक चिमटा उजव्या हातात घेतला. तो खाली पडला. त्यांनी वाकून उचलला.