रिकामी दिसणारी कुपी

दादाच्या मांडीवरून घेतलेल्या कातडीच्या पेशी चार दिवस आमच्या प्रयोगशाळेतल्या बशीत नुसत्या ढिम्म बसून होत्या. त्या वाढल्या, तरच त्याच्या भाजलेल्या पाठीला नवी कातडी मिळणार होती.

"वाढतायत ना गं?" वहिनी रोज जेवताना विचारायची. मी मान डोलवायचे.

पेशींचं पोषक द्रव मीच बनवलं होतं. त्यात वाढीची पावडर घालावी लागते. ती एवढीशी असते, की कुपी रिकामीच वाटते. म्हणून उघडण्याआधी कुपी यंत्रात गरगर फिरवून पावडर तळाशी आणायची, हे मी नव्या मुलींच्या डोक्यात घालून घालून थकले. आणि त्या दिवशी मीच विसरले, मूर्खासारखी. पावडर टोपणालाच चिकटून राहिली असणार. दुसरी कुपी यायला तीन आठवडे लागतात. दादाकडे आठवडासुद्धा नव्हता.

टोपणं एप्रनच्या खिशात टाकायची माझी घाणेरडी सवय. धावत जाऊन मी खुंटीवरचा एप्रन चाचपला. टोपण खिशातच होतं. माझा जीव भांड्यात पडला.

मग हाताला खिशाच्या कापडाची कडक इस्त्री जाणवली. एप्रन कालच वहिनीने घरी धुऊन दिला होता, दादासाठी तेवढीच मदत म्हणून.