सासूबाईंचं झाकण

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर सोफे आणि खुर्च्या दुरुस्त होतात आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. माझा नवरा जुनं कापड उचकटतो, नवा फोम बसवतो आणि हवेवर चालणाऱ्या बंदुकीनं कापडाला पिना मारतो. मी कापड बेतते आणि सासूबाई शिवतात. सोफ्याच्या कडेनं दोरी घातलेली जी गोल पट्टी असते, ती त्यांच्याइतकी सरळ कुणालाच लावता येत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नव्हतं.

आमच्या दोघींत भांडण कधी झालं नाही. बोलणंच इतकं बेतानं, की भांडायला विषय कुठून आणायचा? "कात्री कुठाय," "चहा झालाय," "निळं कापड कमी पडणार," एवढ्यावर आमचं चालायचं. त्या मुळातच कमी बोलणाऱ्या आणि मी हट्टानं कमी बोलणारी. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी त्यांच्या शिलाईचं कौतुक करायला गेले होते, तर त्यांनी मान वर न करता नुसतं "हं" केलं. ते "हं" माझ्या मनात घर करून बसलं. म्हटलं, असं आहे होय, मग आपणही "हं" करू. एवढी वर्षं तेच करत आले.

हेडफोनचं प्रकरण कॉम्प्रेसरमुळे सुरू झालं. नवऱ्याच्या बंदुकीला हवा पुरवणारं ते धूड मध्येच घरघरायला लागतं, मध्येच गप्प होतं, आणि आता थांबलं म्हणून सुस्कारा टाकावा तर पुन्हा सुरू. सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं. त्यांनी कानात कापूस घालून पाहिला, डोक्याला रुमाल बांधून पाहिला, आणि शेवटी एक दिवस पट्टी चक्क वाकडी शिवली. ती वाकडी पट्टी पाहून माझा नवरा घाबरला आणि आम्हा दोघींना घेऊन हेडफोनच्या दुकानात गेला.

दुकानदारानं आधी कानात घालायचे ते चिमुकले इअरफोन काढले. आवाज बंद करण्यात हे एक नंबर, असं तो म्हणाला. सासूबाईंनी एक चिमटीत धरून नीट पाहिला आणि विचारलं, "हे आत गेलं तर काढणार कोण?" दुकानदारानं त्यांच्या कानात बसवून दाखवला, त्यांनी मान वळवली आणि तो टपकन पडून काउंटरखाली गेला. दुकानदार गुडघ्यांवर बसून शोधायला लागला. आमच्या घरी खालच्या मजल्यावर फोमच्या चुऱ्यात हा सापडायचा नाही, एवढं तिघांनाही न बोलता पटलं.

मग मोठे हेडफोन. त्यात वरची पट्टी अंबाड्यावर अडायची, आणि पट्टी मागे सरकवली तर चष्म्याच्या काड्यांपाशी फट राहून बाहेरचा आवाज आत यायचा. माझ्या नवऱ्यानं प्रत्येक हेडफोनची गादी अंगठ्यानं दाबून पाहिली. "हा फोम वर्षात चपटा होणार," "याला वास मारेल," असे त्याचे निकाल सुरू झाल्यावर दुकानदाराचा चेहरा पडला. शेवटी एक मऊ, जाड गादीचा निघाला. अंबाडा जरा खाली घेतल्यावर तो नीट बसला. दुकानदारानं बटण दाबलं.

सासूबाईंचे खांदे एकदम खाली आले. इतकी वर्षं त्यांना पाहत होते, पण त्यांचे खांदे वर चढलेले असतात हे मला ते खाली आल्यावर कळलं. डोळे मिटून त्या उभ्या राहिल्या आणि मग खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माणूस लबाड दिसतोय, पण वस्तू चांगली आहे."

दुकानातले सगळे वळले. दुकानदार बिचारा हसला. "होतं असं," तो म्हणाला. "कान बंद झाले की आपला आवाज आपल्याला नीट कळत नाही. त्यांना वाटतंय त्या मनातल्या मनात बोलल्या." माझ्या नवऱ्यानं घाईघाईनं पैसे दिले. आवाज आत सोडायचं एक दुसरं बटणही आहे, असं दुकानदार सांगत होता, ते ऐकायला आम्ही थांबलोच नाही. आईला हे सांगायला हवं, असं बाहेर आल्यावर आम्हा दोघांनाही वाटलं, आणि दुसरा सांगेल म्हणून दोघांनीही सोडून दिलं. आमच्या घरात बऱ्याच गोष्टींचं असंच होतं.

सासूबाईंनी त्याचं नाव झाकण ठेवलं. "माझं झाकण कुठाय?" म्हणत त्या सकाळी खाली यायच्या. झाकणात कुणीतरी वाचून दाखवलेल्या लांबलचक कादंबऱ्या लावायच्या आणि मशीनवर बसायच्या. आणि मग त्या बोलायच्या. "अगं, तो फसवतोय तुला, कळत कसं नाही?" "हा मेला आता परत आला, इतके दिवस कुठे होता?" झाकणातली बाई चार्जिंग संपत आलं म्हणून सांगायची, तिलाही त्या उत्तर द्यायच्या, "हो बाई, लावते, एवढी शिवण होऊ दे." पहिल्या दिवशी मी आणि नवरा हसून हसून बेजार झालो. गोष्टीतली नायिका वाईट माणसाशी लग्न करायला निघाली तेव्हा नवऱ्यानं कॉम्प्रेसर बंद करून पुढचं ऐकलं.

मग हळूहळू गोष्टींशिवायचंही बोलणं यायला लागलं. "धाकट्याची पाठ धरलीय, सांगायचा नाही." धाकटा म्हणजे माझा नवरा. एकदा म्हणाल्या, "ही बेतते छान. चिंधीभर कापड वाया घालवत नाही. पण तोंड उघडेल तर शपथ." माझ्या हातातला खडू तसाच राहिला. आधी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, तोंड कुणी उघडायचं हो आधी? मग त्याआधीचं "छान" आठवलं आणि मी दिवसभर उगीचच चांगली वागले.

त्यांना सांगावं की नाही, हे रोज डोक्यात यायचं. सांगितलं असतं तर त्यांनी झाकण कायमचं उतरवलं असतं, आणि त्याबरोबर तो आवाजही गेला असता. खरं सांगते, मला तो आवाज हवा होता.

अशातच मोठ्या दिरांचा फोन आला. आम्ही जेवत होतो, म्हणून नवऱ्यानं फोन स्पीकरवर टाकून मध्ये ठेवला. जाऊबाईंना दुसरं बाळ होणार होतं. "आईनं आता कायमचं इकडे यावं," दीर म्हणाले. "जन्मभर मशीन चालवली. इथे तिला वेगळी खोली आहे, शांतता आहे, नातवंडं आहेत. रविवारी गाडी घेऊन येतो."

"येईन की," सासूबाई लगेच म्हणाल्या.

नवरा ताटात बघत राहिला. मला ते फार लागलं. इतक्या पटकन? जणू बॅग भरूनच बसल्या होत्या. मग मीही ठसक्यात म्हणाले, "चांगलंच आहे." सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या झाकण घालून मशीनवर बसल्या. मी त्यांच्या मागच्या टेबलावर एका मोठ्या आरामखुर्चीचं कापड बेतत होते. बराच वेळ फक्त मशीनचा आवाज होता. मग मशीन थांबली.

"चांगलंच आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोरानं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? वाटलं, इकडून कुणीतरी म्हणेल, कशाला जाता, राहा. धाकटा बापावर गेलाय, त्याचं सोडा. पण ही. इतकी जड झाले का मी हिला?" आणि मशीन पुन्हा सुरू झाली.

मी खडूनं ओढलेली रेघ वाकडी गेली. माझे डोळे भरून आले. पळत जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण मग सांगावं लागलं असतं की तुम्ही बोललात ते मी ऐकलं, आजच नाही, रोजच ऐकते. त्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मी ती रेघ झटकून पुसली आणि पुन्हा ओढली.

वर गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "आईंना जायचं नाहीये."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मीही ऐकलं."

"मग बोला की त्यांच्याशी."

"काय बोलू? दादाला वाईट वाटेल. आणि आईला कळेल आपण ऐकतो ते. तूच बघ ना, तुम्हा बायकांचं तुम्हाला बरं जमतं."

"तीन माणसं बसतील असा सोफा एकटे उचलता," मी म्हटलं, "आणि एक वाक्य उचलवत नाही तुम्हाला." त्यानं कूस बदलली. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, कारण मलाही ते उचलवत नव्हतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. सासूबाई बॅग भरत होत्या तेव्हा मी त्यांच्या खोलीत गेले. सगळं ठरवून गेले होते. दारात उभी राहिले, घसा साफ केला आणि माझ्या तोंडून निघालं, "आई, गरम कपडे घेतलेत ना?" त्या म्हणाल्या, "हं." मी परत आले. जिन्यात बसून स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

शनिवारी ती आरामखुर्ची द्यायची होती. कॉम्प्रेसर सकाळपासून घरघरत होता. सासूबाई शेवटची पट्टी लावत होत्या, आणि आज गोष्टीही ऐकत नव्हत्या, झाकण काढून मशीनशेजारी ठेवलं होतं. मी त्यांच्यापाशी गेले. "आई, आज माझं डोकं उठलंय. जरा घालू का?" त्यांनी मान हलवली.

मी झाकण घालून माझ्या टेबलापाशी आले, त्यांच्याकडे पाठ केली आणि बटण दाबलं. कॉम्प्रेसर गेला, मशीन गेली, रस्ताही गेला. छातीतली धडधड तेवढी राहिली. मी कापडावर हात फिरवत, आपण स्वतःशीच पुटपुटतोय असं स्वतःला बजावत, बोलायला लागले. म्हटलं, "हे कापड जरा ताणून घ्यायला हवं." मग म्हटलं, "उद्यापासून पट्टी कोण लावणार, मला तर सरळ येत नाही." आणि मग बांध फुटला. "जाऊ नका म्हणायचं होतं मला. चांगलंच आहे म्हणाले, कारण तुम्ही पटकन हो म्हणालात, राग आला मला. मला तुमची सवय झालीय. तुम्ही गेलात तर या घरात माझ्याशी 'हं' कोण म्हणणार? मला नकोय तुम्ही गेलेलं. राहा ना, आई."

बोलून झालं. आत सगळं शांत होतं, कादंबरी नाही की गाणं नाही. मला वळायचं धाडस होईना. मी खडू उचलला, खाली ठेवला. मग समोरच्या काचेत दिसलं की माझा नवरा बंदूक हातात धरून नुसता उभा आहे, आणि कॉम्प्रेसरचा दिवा बंद आहे. फुटपाथवरून जाणारी एक बाई थांबून आत बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी पुटपुटले नव्हते. मी ओरडले होते.

खांद्यावर हात आला. सासूबाईंनी माझ्या एका कानावरची गादी उचलली.

"हळू," त्या म्हणाल्या. "अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं."

मी जमिनीकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या झाकणाकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. त्यानं मान फिरवली.

"मीही अशीच बोलते का यात?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"दुकानापासून."

त्या आपल्या स्टुलावर बसल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. दुकानदाराचं आठवलं असावं, कारण एकदा कपाळावर हात मारला. मला वाटलं आता उठतील, वर जातील, दार लावून घेतील. पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे परवा मी बोलले, ते तू ऐकलंस."

"हो."

"आणि ऐकूनही गप्प बसलीस."

मी सांगायला आले होते, गरम कपड्यांचं विचारून परत गेले, हे सांगायची हिंमत मला झाली नाही.

सासूबाई उठल्या. त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावरून झाकण काढलं, माझे केस त्यात अडकले ते सोडवले, आणि झाकण टेबलावर ठेवलं. आमच्या खालच्या मजल्यावर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"आता म्हण," त्या म्हणाल्या.

उघड्या कानांनी ते म्हणणं फार अवघड होतं. माझा आवाज मला स्वतःला ऐकू येत होता, बारीक आणि चिरका. पण मी म्हटलं. "राहा, आई."

त्यांनी क्षणभर माझ्या गालावर हात ठेवला. त्यांच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता. मग त्या मुलाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "थोरल्याला फोन लाव. म्हणावं, बाळंतपणाला येते, बाळ जरा मोठं होईपर्यंत राहते, आणि मग माझ्या घरी परत येते."