हलकं तेल

पारूबाईची भजी खायला ओझरला निघालेल्या गाड्यासुद्धा पिंपळवंडीच्या फाट्यावर थांबायच्या. तिचा नेम पक्का होता: गिऱ्हाइकाला कालचं तेल नाही. रोज कढईत ताजं तेल पडायचं आणि संध्याकाळी उरलेलं काळपट तेल डब्यातून घरी यायचं, बैलगाडीच्या आसाला आणि दाराच्या बिजागरीला. फेकून द्यायला मात्र तिचा जीव धजायचा नाही.

एकोणीसशे नव्याण्णवच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याच्या, भागुजीच्या छातीत कळ आली. नारायणगावच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, जड, तेलकट खाणं बंद, मीठ कमी आणि पाणी उकळूनच द्यायचं. पारूबाईने शब्द खाली पडू दिला नाही. पण डोक्यात एक भलतंच शहाणपण शिरलं. उकळून पाणी हलकं होतं, मग तेल का होणार नाही? शिवाय त्यातला सगळा कस तर भज्यांनीच पिऊन टाकलेला. उरलं ते आजाऱ्याला पचणारंच. त्या दिवसापासून भागुजीची भाजी डब्यातल्या तेलात होऊ लागली. स्वतःच्या भाजीत ताजं तेल घालताना तिला चोरी केल्यासारखं वाटायचं.

महिन्याने तपासणीला गेल्यावर, भागुजीला तपासून बाहेर बसवल्यावर बाईंनी विचारलं, "मावशी, तेल कोणतं घालता?"

पारूबाईने छाती काढून सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

"उकळल्यानं पाण्यातले जंतू मरतात. तेल मात्र परत परत तापवलं की तेच बिघडतं. धूर निघालेलं, काळं पडलेलं तेल हृदयाला फार वाईट. थोडंच घाला, पण ताजं घाला. आणि धूर यायच्या आत फोडणी करा."

"मंग यांना काय झालंय का वं?" पारूबाईने घाबरून विचारलं.

"तब्येत सुधारतेय. बरं झालं, आजच सांगितलंत."

एसटीत ती खिडकीबाहेरच बघत राहिली. ज्याच्यासाठी रोज फाट्यावर जायला उंबरा ओलांडताना शंभरदा मागं वळून बघितलं, त्यालाच आपण काय खाऊ घातलं? तिला भडभडून आलं.

घरी येताच तिने डबा बैलगाडीखाली नेऊन ठेवला. चमचाभर ताजं तेल, मोहरी तडतडली तशी दोडक्याची भाजी टाकली. भागुजीने पहिला घास घेतला आणि थांबला.

"काय झालं?"

"आज कडू लागत न्हाई."

"म्हंजी रोज कडू लागत व्हतं?"

"लई."

"मंग बोलला का न्हाई तुमी?"

"तू एवढी जपत व्हतीस. म्हनलं, औषीद कडूच आसतं."

पारूबाईला रडू आणि हसू एकदमच आलं. तिने पदराने डोळे पुसले आणि ताटात आणखी भाजी वाढली.

"आता कडू लागलं की सांगायचं. मला वाईट वाटलं तरी सांगायचं."

"मीठ कमी हाय," भागुजी लगेच म्हणाला.

"ते कमीच ऱ्हानार," ती म्हणाली, आणि भागुजीने भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.