सगळ्यांचे श्वास अठरा

जाऊबाईंना धाप लागलीय हे मला वॉर्डाच्या दारातूनच दिसलं. दर श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता, खांदे वर चढत होते. आणि उशाशी लावलेल्या स्क्रीनवर हिरवा ठिपका निवांत बसलेला. हिरवा! माझं डोकंच फिरलं.

त्या स्क्रीनला आम्ही सिस्टर लोक ज्योतिषी म्हणतो. नाडी, ताप, रक्तदाब, श्वास, सगळे आकडे आम्ही त्याला भरवायचे आणि पुढच्या काही तासांत कोणाची तब्येत घसरणार ते त्याने डॉक्टरांना सांगायचं. लाल झाला तर अतिदक्षता विभागात बेड. हिरवा असला तर पडून राहा. मी याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर, लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. पण त्या दुपारी रजा टाकून खाली आले होते ती नुसती नातेवाईक म्हणून.

"दादा, डॉक्टर येऊन गेल्या?" मी मोठ्या दिरांना विचारलं.

"दोनदा. न्यूमोनिया आहे म्हणतात, पण मशीन ठीक सांगतंय." ते खाटेची कड घट्ट धरून उभे होते. "तू तर इथलीच आहेस. काहीतरी कर ना गं."

जाऊबाईंनी मास्क जरासा बाजूला केला. "तुझा... कुडता... उलटा." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. खरंच उलटा होता. जीव कंठाशी आला तरी माझी चूक काढणार ही बाई! लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात माझ्या बाजूने भांडणारी ही एकटी होती. हिला काही झालं तर मी कोणाकडे बघायचं?

मी तडक डॉक्टरांच्या टेबलाशी गेले. वयाने लहान होत्या, डोळे जागरणाने लाल.

"मॅडम, बेड सात. अहो, बाई बुडतेय तिथे!"

"मलाही बरं दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण वर अतिदक्षता विभागात एकच बेड रिकामा आहे. ज्योतिषी हिरवा असताना तिथले मोठे साहेब देत नाहीत. मी वाद घातला तर म्हणाले, तुमच्यापेक्षा त्याने जास्त पेशंट पाहिलेत."

मी त्यांच्या कॉम्प्युटरवर नजर टाकली आणि घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. जाऊबाईंचे श्वास मिनिटाला अठरा. सकाळी अठरा, दुपारी अठरा. शेजारच्या खाटेचे अठरा. अख्ख्या वॉर्डाचे अठरा.

नाडी यंत्र देतं, ताप यंत्र देतं. श्वास मात्र माणसाने मोजायचा, पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत. दोन सिस्टर आणि वॉर्डभर खाटा असल्यावर कोणाला आहे ते मिनिट? आम्ही सगळ्या डोळे मिटून अठरा लिहितो, धडधाकट माणसाचे असतात तेवढे. कागद होते तोवर खपून गेलं, कारण तो आकडा कोणी वाचतच नव्हतं. ज्योतिषी बिचारा सगळं खरं मानतो.

औषधांच्या गाडीपाशी बारकी उभी होती. या वॉर्डाची सिस्टर, माझ्याच हाताखाली तयार झालेली. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलावं तर हिची नोकरी, न बोलावं तर जाऊबाई.

"मॅडम, हे अठरा कोणी मोजलेले नाहीत," मी म्हटलं. "आम्ही कोणीच मोजत नाही."

बारकीचा चेहरा उतरला. "ताई, तुम्हीच शिकवलंत ना," ती हळूच म्हणाली.

डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. त्या उठल्या, जाऊबाईंपाशी गेल्या आणि घड्याळ धरून श्वास मोजले. चौतीस. आकडा भरला आणि ठिपका लाल झाला. दादा रडायलाच लागले.

"आता सांगा ना वर, मॅडम! लवकर!"

त्यांनी फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "एकीचे खोटे, तर सगळ्यांचेच खोटे. बेड एकच आहे. सगळ्यांचे मोजल्याशिवाय मी कोणाचंच नाव देऊ शकत नाही. तुम्ही दोघी मोजा, मीही मोजते. चला."

मनातल्या मनात मी त्यांना लाखोली वाहिली. पण त्यांचं काय चुकत होतं? मी मोजत सुटले. वीस. सोळा. बावीस. कोणाचा आकडा कमी आला की मला आनंद व्हायचा. सांगायला लाज वाटते, पण व्हायचा.

शेवटची खाट खिडकीपाशी. एक म्हातारेबाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, सोबत कोणी नाही. इतके गप्प की येणाऱ्या-जाणाऱ्याला झोपलेत असंच वाटावं. मी पांघरूण खाली केलं. पोट भराभर वरखाली होत होतं. मोजलं. विश्वास बसेना म्हणून परत मोजलं.

"तिथे किती?" डॉक्टरांनी लांबून विचारलं.

माझ्या तोंडात दुसराच आकडा तयार होता. चौतीसपेक्षा कमी कुठलाही चालला असता. कोणाला कळणार होतं? बाबांची चौकशी करायला कोण येणार होतं? पलीकडून दादा डोळ्यांत प्राण आणून माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात बाबांनी मान वळवली.

"पोरी, पाणी देतेस?"

"बेचाळीस," मी ओरडले. मग स्वतःचाच असा संताप आला की खाटेच्या दांड्यावर हात आपटला.

बाबांना वर नेलं. डॉक्टरांनी जाऊबाईंचा ऑक्सिजन वाढवला, औषध बदललं आणि दुसऱ्या हॉस्पिटलांना फोन लावायला बसल्या. पुढचा बेड पहिला यांनाच, म्हणाल्या. कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"त्यांचा आकडा तू सांगितलास?" दादांनी विचारलं.

"हो."

"कमी सांगता आला नसता?"

"आला असता, दादा."

दादांनी खुर्ची उचलून खाटेच्या पलीकडे नेली आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

जाऊबाईंनी सगळं ऐकलं होतं. मास्कच्या आत त्यांचे ओठ हलले. काय म्हणाल्या ते मला समजलं नाही, आणि परत बोलायला लावायचं धाडस झालं नाही. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून पुन्हा मोजायला लागले. एकेचाळीस आले. मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांच्या कानाला फोन होता, आणि त्या माझ्याकडे बघत नकाराची मान हलवत होत्या.