बाजेपाशी उभी राहणारी पोर

मित्रांनो, माझे तीन पाय सागाचे आहेत आणि चौथा बाभळीचा. जैनथ गावाकडच्या एका खेड्यातली मी जुनी बाज. नागोराव सुताराने १९७९ साली मला घडवले आणि अंबाडीच्या दोरीने घट्ट विणले. रामाजी आणि रुक्माबाईच्या अंगणात माझी पहिली वर्षे मजेत गेली. माझ्यावर मिरच्या वाळल्या, पाहुणे बसले. त्यांची एकुलती मुलगी वच्छला माझ्यावर उड्या मारी आणि बोलणी खाई.

१९८६ च्या वेचणीत रुक्माबाई कापसाच्या शेतात कोसळली. चौघांनी तिला माझ्यावर घालून सडकेपर्यंत नेले. उतरवताना माझा एक पाय मोडला; त्या जागी पुढे बाभळीचा बसवला. दवाखान्यातून ती परतली तेव्हा तिची डावी बाजू लुळी होती, शब्द जड झाले होते. रामाजी दूर भैंसा गावी कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला, महिन्यातून एकदा येई. घरात उरली बारा वर्षांची वच्छला.

ती मायला कुशीवर वळवी, पुसून काढी, भाकर वरणात कुस्करून भरवी. पाठीला जखमा झाल्या तेव्हा त्याही धुऊ लागली. आधी शाळा दुपारची सुटली, मग कायमची. ती जेवे उभ्याउभ्या, मायचे उरलेले. लोक भेटायला येत, चहा पीत आणि म्हणत, "पोरगी लई गुणाची हाय." मलाही शाबासकी मिळे, बाज मजबूत आहे म्हणून. मग सगळे निघून जात. वच्छला कप विसळी.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी तिने दोनदा गोधडी बदलली. तिसऱ्यांदा ओली झाली तेव्हा तिने मायच्या मांडीवर जोरात चापट मारली. "किती वेळा धुवू मी?" ती ओरडली. मग आपल्याच हाताकडे पाहत राहिली, घागर उचलली आणि बाहेर पडली.

ती आली नाही. ऊन दारातून आत सरकले. रुक्माबाई ओल्यातच पडून होती, ओठ कोरडे पडले होते. ती तुटक्या आवाजात एकच नाव घेत राहिली. दुपारी शेजारच्या देवकाबाईने ते ऐकले. तिने पाणी पाजले, गोधडी बदलली आणि पोरीला शोधायला धावली.

दिवस कलताना ती वच्छलाला हाताला धरून घेऊन आली. पोर मोटारी थांबतात तिथे रिकामी घागर घेऊन बसली होती. दोन मोटारी आल्या नि गेल्या. तिला चढता आले नाही, घरीही येता आले नाही.

"मायले मारलं मी, काकू," ती म्हणाली.

देवकाबाई रागावली नाही. "सकाळपासून काही खाल्लं का तू?"

वच्छलाने रिकामी घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "मी थकली वं काकू."

रुक्माबाईने उजवा हात पुढे केला. "काऊन आली परत?" ती कशीबशी बोलली. "गेली असती... तर सुटली असती." वच्छला माझ्या काठावर डोके ठेवून रडली. तिच्या हुंदक्यांनी माझी दोरी हलत होती.

त्यानंतर देवकाबाई रोज सकाळी येई. वच्छला तेवढा वेळ झोपे. पण पाच महिन्यांनी वेचणी लागली आणि देवकाबाईचे येणे थांबले. दुसरे कोणी आले नाही. १९८८ च्या थंडीत रुक्माबाई गेली. वच्छला रडली नाही. ती भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपली. ज्यांनी तिला गुणाची म्हटले होते, तेच आता तिला दगडाच्या काळजाची म्हणाले. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले. शाळा राहिली ती राहिलीच. पंचविशीच्या आतच तिची कंबर गेली; माहेरी आली की वाकून चालते.

मी आता गोठ्यात आहे, अंगावर कडबा. माझे दुःख मोठे नाही. मित्रांनो, आजारी माणसाला भेटायला जाल तेव्हा बाजेवर पाहालच. पण तुमच्यासाठी पाणी आणणारे कोणी लहान असेल, तर त्याच्या हातातला तांब्या घ्या आणि त्याला बसवा. त्याचे कौतुक करू नका, थोडे काम करा. आणि दुसऱ्या दिवशीही जा.