कानापर्यंत हात

शपथेवर सांगते, खोटं असेल तर जीभ झडो माझी, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

माझ्या नातीला आम्ही खारूताई म्हणायचो, एका जागी ठरायचीच नाही. जन्माचा दाखला नव्हता तिचा. आमच्या वस्तीत कुणाचाच नव्हता. मग शाळेतल्या बाई पोराला समोर उभं करायच्या. "उजवा हात डोक्यावरून घे, डावा कान धर." कान लागला की पहिलीत. नाही लागला, तर घरी.

पहिल्या वर्षी हात एक बोट कमी पडला. हिने हळूच मान वाकडी केली. बाईंनी ती सरळ केली.

घरी आल्यापासून पोरगी दाराच्या चौकटीला लोंबकळायला लागली. रोज.

"आजी, वाढला का गं?"

"वाढतोय बाई, लोंबकळ."

मी तिचे केसही बारीक कापले, तेवढंच डोकं बुटकं! वर्षभरात हात एवढा वाढला, एवढा वाढला, की बसल्या जागेवरून वरच्या फळीवरचा डबा काढायची. हसताय काय? शेजारणी बघायला यायच्या.

दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा तिच्या कडेवर धाकटा भाऊ, सात महिन्यांचा. सून सकाळी सहाला कापडगिरणीत जायची. बाळ हिच्याच अंगावर वाढलेलं, खाली ठेवलं की घर डोक्यावर घ्यायचं. डाव्या हाताने हिने त्याला सावरलं, उजवा डोक्यावरून नेला आणि कान असा गच्च धरला की लालबुंद झाला.

"लागला! बाई, लागला!"

"लागला गं!" बाई हसल्या. मग बाळाकडे बघितलं. "पण हे महाराज? वर्गात बाळ नाही चालत. पुढच्या वर्षी ये."

घर येईपर्यंत तिने कान सोडला नाही.

पुढच्या वर्षी सुनेला आणखी एक झालं. त्याच्या पुढच्या वर्षी मी म्हटलं, "चल गं, विचारून बघू." तर म्हणते, "मी नाही बसणार त्या चिल्ल्यापिल्ल्यांत. ताडासारखी दिसेन." नंतर भावाला तीच घेऊन गेली शाळेत. त्याचा हात तिनेच डोक्यावरून नेला. त्याला आत सोडलं आणि तिथूनच गिरणीत गेली, आईच्या शेजारच्या यंत्रावर.

सगळं खरं. एक सोडून. तुम्हाला वाटेल तो डबा, तो नाही.

'पुढच्या वर्षी ये' असं बाई म्हणाल्याच नव्हत्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "आजी, दुपारपर्यंत बाळाला तुम्ही घ्या ना." मीच म्हटलं, माझी कंबर धरलीय.

कंबरेला काही झालं नव्हतं. चार पोरं वाढवून झाली होती माझी. पाचवं नको होतं.