महाराजांची मान

कसबा बावड्यात तालमीसमोर त्या संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. ओट्यावर स्मृतिनाथ महाराज डोळे मिटून बसले होते. लोकांनी वीस वस्तू ओरडून सांगितल्या आणि शाळामास्तर म्हणून त्या लिहून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. महाराजांनी विसाच्या वीस ओळीनं म्हणून दाखवल्या. एकही चूक नाही.

मग पुड्या सुटू लागल्या. सरस्वती म्हणे थेट त्यांच्या मस्तकात मुक्कामाला असते. मंतरलेला धागा बांधला की ती पोरांकडंही येईल, फक्त आठ दिवस पुस्तकाला हात लावायचा नाही, नाहीतर रुसते. यावर पोरांनी भक्तिभावानं टाळ्या पिटल्या.

शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारा आकाराम मात्र गंभीर होता. त्याची मोना मार्चमध्ये दहावीला इतिहासात नापास झालेली. ऑक्टोबरचा पेपर नवव्या दिवशी होता आणि पुन्हा गचकली तर तिचं लग्न लावायचं असं घरात ठरलं होतं. त्यानं लगेच घरी जाऊन तिची पुस्तकं पेटीत घालून कुलूप लावलं आणि चावी आणून महाराजांच्या पायाशी ठेवली. मोना रडवेली झाली. मी आडवा आलो.

"मास्तर, तुमी शिकवून बी ती नापासच झाली की," आकाराम म्हणाला. लोक हसले. मला ते झोंबलं, कारण खरं होतं.

तेवढ्यात महाराज त्याच वस्तू उलट्या क्रमानं म्हणू लागले. माझ्या शेजारी चिमणाबाई होती. लग्नाबारशाचं आवतण दारोदार सांगत फिरणारी ही बाई. अक्षर येत नाही, पण दीडशे घरं तोंडपाठ. ती महाराजांची मान बघत होती. एका वस्तूला मान डावीकडं, पुढच्या वस्तूला उजवीकडं.

"आवतणं आठवताना माजी बी अशीच हलती," ती मला म्हणाली आणि उठून उभी राहिली. "म्हाराज, कुठल्या गल्लीतनं चाललाय?"

"हातकणंगल्याच्या, स्टेशनाकडच्या," महाराज तंद्रीत बोलून गेले. मग त्यांनी डोळे उघडले.

चिमणाबाईनं वीस नव्या वस्तू मागितल्या. आकारामच्या उंबऱ्यावर इस्त्री, समोर तानाबाईच्या कट्ट्यावर भोपळा, अशी एकेक वस्तू तिनं मनातल्या मनात एकेका दारात ठेवली. मग गल्लीतनं चालत गेल्यासारखी सुलटी म्हणाली, उलटीही म्हणाली. अडखळली फक्त भोपळ्याला, कारण तानाबाईशी भांडण असल्यानं तिच्या दारात थांबायला ती तयार नव्हती.

लोक हसून परत ओट्याकडं बघतात तर महाराज धाग्यांची पिशवी आवरत होते. आकारामनं चावी उचलली.

पुढचे आठ दिवस मोनानं पुस्तक वाचलं, समजून घेतलं, आणि रौलट कायदा तानाबाईच्या कट्ट्यावर, दांडीयात्रा गिरणीच्या दारात असा सगळा इतिहास गल्लीत मांडला. पेपरात तिची मान डावीकडं-उजवीकडं इतकी वळत होती की पर्यवेक्षकांनी कॉपीच्या संशयानं दोनदा तिची झडती घेतली. काहीच सापडलं नाही. मोना पास झाली आणि लग्नाचा विषय मागं पडला.

आजही नवा बुवा आला की मी लोकांना एवढंच सांगतो. त्याच्या तोंडाकडं बघू नका, तो काय करतो ते बघा. आणि कुणी पुस्तक मिटायला सांगितलं तर आधी चावी आपल्या खिशात घाला.